कधी सुरू होणारी, कधी न होणारी मोटारसायकल : बिघाड शोधायचा कसा

नाशिकच्या सिडकोत आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जागा इतकी कमी की गाडी भिंतीला चिकटवून, हँडल डावीकडे पूर्ण वळवूनच लावावी लागते. माझी दीडशे सीसीची, कार्बोरेटरवाली गाडी तिथे आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी अडून बसायची. सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरायचं, पण पकडायचं नाही. दहा मिनिटं खटपट करून गाडी गेटपर्यंत ढकलत आणली की एका झटक्यात सुरू. मग सातपूरला कामावर जाऊन संध्याकाळी परत येईपर्यंत काही तक्रार नाही. गॅरेजमध्ये नेली की तिथे प्रत्येक वेळी सुरू व्हायची. तिथे आधी प्लग बदलला, मग बॅटरी, शेवटी सीडीआय, म्हणजे प्लगची ठिणगी घडवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. आठ महिन्यांनी दोष सापडला तो इंचभर तारेत. हँडलच्या मानेजवळ सीडीआयकडे जाणाऱ्या एका तारेचे तांब्याचे धागे आतून तुटले होते, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत होतं. हँडल सरळ असलं की तुटलेली टोकं एकमेकांना टेकायची, डावीकडे वळवलं की सुटायची. गॅरेजमध्ये गाडी मेन स्टँडवर, हँडल सरळ. तिथे बिघाड दिसणार तरी कसा?

त्या आठ महिन्यांत जे शिकलो ते इथे सविस्तर लिहितो आहे. अधूनमधून सुरू न होणारी गाडी लहरी वाटते, पण ती लहरी नसते. बिघाडाला एक ठरावीक परिस्थिती लागते : थंडी, ऊन, पाऊस, उतार, हँडलचा कोन, टाकीतलं पेट्रोल. ती परिस्थिती आधी शोधायची, पार्ट नंतर. आपण नेमकं उलट करतो, म्हणून पैसे जातात आणि गाडी तशीच राहते.

आधी वही, मग पाना

पहिले आठ-दहा दिवस गाडीला हात लावू नका, फक्त लिहा. गाडी जेव्हा जेव्हा अडेल तेव्हा मोबाइलमध्ये दोन ओळी टाका : किती वेळ उभी होती, इंजिन गार होतं की गरम, पाऊस झाला होता का, गाडी धुतली होती का, पेट्रोल किती होतं, हँडल कुठे वळलेलं होतं, साइड स्टँडवर होती की मेन स्टँडवर, सेल्फचा आवाज कसा होता आणि शेवटी नेमकं काय केल्यावर सुरू झाली. ही शेवटची नोंद सगळ्यांत मोलाची. ‘गेटपर्यंत ढकलल्यावर सुरू झाली’ असं मी कितीतरी जणांना सांगितलं, पण ढकलताना हँडल सरळ होतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. शक्य असेल तर अडलेल्या गाडीचा व्हिडिओही काढा. त्यात मीटरवरचे दिवे दिसले पाहिजेत आणि सेल्फचा आवाज ऐकू आला पाहिजे.

चार-पाच नोंदी झाल्या की नमुना दिसायला लागतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांच्या खाली उतरतो. तेव्हा पहाटे द्राक्षबागेवर निघालेल्याची गाडी अडते आणि दुपारी तीच गाडी एका किकमध्ये सुरू होते. इथे संशय बॅटरीवर जातो, कारण थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि इंजिन ऑइल घट्ट होऊन सेल्फवर भार वाढतो. कार्बोरेटरच्या गाडीत चोकही पाहावा. लिव्हर हलतो, पण केबल ढिली असल्याने चोक आत लागतच नाही, हे मी तीन गाड्यांत पाहिलं आहे.

याच्या उलट, कसारा घाट चढून वर चहाला थांबलात, पंधरा मिनिटांनी गाडी सुरूच होईना आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली, तर गरम झाल्यावर मरणारा भाग शोधायचा. पल्सर कॉइल (ठिणगी कधी पाडायची ते सीडीआयला कळवणारी), इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी) आणि सीडीआय यांच्या आतल्या बारीक जोडण्या तापल्यावर सुटतात आणि निवल्यावर पुन्हा जुळतात. व्हॉल्व दाबणारे टॅपेट जास्त घट्ट झाले असतील तर तेही गरम इंजिनातच त्रास देतात.

पाऊस किंवा वॉशिंग सेंटर झाल्यावर अडली तर प्लग कॅप, प्लगची जाड वायर, कप्लर (तारा जोडायचे प्लास्टिकचे सॉकेट) आणि हँडलवरचे स्विच. इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात पावसाळ्यात रोज ये-जा करणाऱ्यांच्या गाड्यांना हा त्रास ठरलेला. दहा-पंधरा किलोमीटर नीट चालून बंद पडते, थोड्या वेळाने सुरू होते आणि पुन्हा तेवढंच अंतर चालते, तर पेट्रोलचा प्रवाह अपुरा आहे. टाकी रिकामी होत आल्यावरच अडते, तर तळाशी पाणी किंवा गाळ आहे. चार दिवस उभी राहिल्यावर अडते, तर बॅटरी कुठेतरी झिरपते आहे (नंतर बसवलेला अलार्म, जीपीएस किंवा मोबाइल चार्जर आधी काढून पाहा) किंवा कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलं आहे.

काहीच नमुना दिसत नसेल तर बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची वायर आणि फ्यूजचा होल्डर या तीन ठिकाणी आधी हात घाला. खड्ड्यांनी ढिल्या झालेल्या या जोडण्या कुठलंच वेळापत्रक पाळत नाहीत.

जवळ काय हवं

साधा डिजिटल मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. प्लग पाना, दहा आणि बारा नंबरचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, बारीक पॉलिश पेपर, एक काचेची बाटली. शिवाय घरीच केलेला टेस्ट लॅम्प : इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॉटचा बल्ब आणि त्याला दोन लांब वायर. हा बल्ब मीटरपेक्षाही जास्त उपयोगाचा, आणि ते का हे समजून घ्यायला हवं. तारेतल्या वीस धाग्यांपैकी एकोणीस तुटले असले तरी उरलेल्या एका धाग्यावरून मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. बल्ब मात्र करंट मागतो. कुजलेल्या जोडणीवर तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही. माझी तार मीटरने दोनदा ‘चांगली’ ठरवली होती. दोष बल्बने दाखवला.

काम सावलीत, मोकळ्या हवेत करा. पेट्रोलची वाटी उघडी असताना ठिणगीची तपासणी करू नका. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह आणि लावताना उलट क्रम, म्हणजे पाना चेसिसला लागला तरी शॉर्ट होणार नाही.

गाडी अडलेली असतानाच विचारायचे तीन प्रश्न

सेल्फ इंजिन नीट फिरवतो का? प्लगला करंट येतो का, म्हणजे ठिणगी पडते का? पेट्रोल पोहोचतं का? गाडी अडलेली आहे तेवढ्यात या तिघांपैकी एकाचं जरी ठाम उत्तर मिळालं तरी अर्धं काम झालं. घाईने धक्का मारून सुरू केलीत तर पुरावा गेला. ऑफिसची वेळ असते हे मान्य, पण एखाद्या रविवारी तरी हा मोह टाळा.

सेल्फ

चावी लावा, न्यूट्रल करा, साइड स्टँड वर घ्या, क्लच दाबा आणि किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) दोन-चार वेळा चालू-बंद करून चालूवर ठेवा. आता सेल्फ दाबून कान द्या.

दिवेही नाहीत, आवाजही नाही : मेन फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल, चावीचं लॉक. चावी लॉकमध्ये जराशी हलवल्यावर दिवे येत-जात असतील तर लॉकच्या आतले संपर्क झिजले आहेत. घराच्या, कपाटाच्या, दुकानाच्या दहा चाव्यांचा जुडगा गाडीच्या चावीला लटकवू नका. खड्ड्यात तो लॉकवर सारखे हिसके देतो.

दिवे आहेत पण सेल्फ गप्प : बहुतेक वेळा सुरक्षेचे स्विच. क्लच लिव्हरखालचा बारीक स्विच, साइड स्टँडचा स्विच, न्यूट्रलचा स्विच. यांपैकी एकाने जरी ‘नाही’ म्हटलं तरी सेल्फ फिरत नाही, आणि गिअरमध्ये असताना साइड स्टँडचा स्विच काही गाड्यांत करंटही बंद करतो. पावसाळ्यात चाकाचा चिखल थेट साइड स्टँडच्या स्विचवर उडतो. पाण्याने स्वच्छ करा, सुकवा, स्टँड दहा-बारा वेळा वर-खाली करा. न्यूट्रलचा हिरवा दिवा लुकलुकत असेल तर तो स्विच संशयित.

एकच ‘टक’ आणि मग शांतता : रिले (सेल्फला वीज जोडणारा स्विच) काम करतो आहे, पण मोटारपर्यंत पुरेशी वीज जात नाही, किंवा मोटारचे कार्बन ब्रश झिजले आहेत. भराभर टकटक : बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं.

आता मीटर. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, पुढच्या तपासण्या नंतर. पण नुसत्या उभ्या व्होल्टेजवर विसंबू नका. मीटर लावलेला ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरताना आकडा १० च्या आसपास किंवा वर राहिला तर ठीक. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी आतून थकलेली आहे, मग उभ्याने १२.७ का दाखवेना.

थकलेल्या बॅटरीची आणखी एक खूण आहे. सेल्फ दाबून ठेवला की इंजिन नुसतं फिरतं, आणि बटण सोडण्याच्या क्षणी ‘फट’ करून पकडतं. असं झालं तर जवळजवळ खात्री धरा. मोटार सगळी वीज ओढत असते तोवर सीडीआयला किंवा ईसीयूला (इंजेक्शनच्या गाडीतल्या कंप्युटरला) पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. बटण सुटताच व्होल्टेज वर येतं आणि इंजिन अजून फिरत असतं, म्हणून पकडतं. लोक इथे प्लग आणि पेट्रोलच्या मागे लागतात आणि बॅटरीकडे पाहतच नाहीत, कारण सेल्फ ‘फिरतोय तर खरा’.

बॅटरी चांगली पण मोटार दमून फिरते, तर जाड वायरींमध्ये वाया जाणारे व्होल्ट मोजा. मीटरची लाल तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी सेल्फ मोटारच्या बोल्टला लावा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर त्या वाटेत कुठेतरी, बहुधा रिलेत किंवा थिंबलमध्ये (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीत), गंज आहे. तसंच लाल तार इंजिनच्या उघड्या धातूला, काळी बॅटरीच्या निगेटिव्हला. इथे ०.२-०.३ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करा, घट्ट बसवा, वर पेट्रोलियम जेली लावा. मीटरने अशी खराब ठरवलेली अर्थिंग मी बहुतेक वेळा फक्त घासून नीट केली आहे, पार्ट एकही न बदलता.

नवी बॅटरीही पुन्हा पुन्हा उतरत असेल तर चार्जिंग तपासा. इंजिन चालू करून रेस थोडी वाढवा. बॅटरीवर १३.५ ते १४.८ च्या दरम्यान यायला हवेत. कमी आले तर स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) किंवा रेग्युलेटर (बॅटरीला जाणारे व्होल्ट आवरणारा), किंवा त्यांच्यामधला जळका कप्लर. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर कायम चालू असतो. सीबीएसहून शालीमार, तिथून रविवार कारंजा, थोड्या थोड्या अंतरावर सेल्फ, असा रोजचा वापर असेल तर चांगली बॅटरीही भरायला वेळ मिळत नाही. अशांनी आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग गाडी चालवावी.

सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका. मध्ये पंधरा-वीस सेकंद जाऊ द्या.

करंट

सेल्फ छान फिरतो, तरी पकडत नाही. प्लग काढा. तो तुमच्याशी बोलतो : ओला आणि पेट्रोलचा वास मारत असेल तर पेट्रोल येतं आहे, ठिणगी नाही (किंवा पेट्रोल प्रमाणाबाहेर आलं आहे). दहा-बारा किक मारूनही कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल येत नाही. काळी कोरडी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त. एअर फिल्टर पाहा.

ओला प्लग पुसून कॅपमध्ये बसवा. प्लगचा धातूचा भाग इंजिनला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. हातात रबरी मोजे घाला किंवा कॅप सुक्या कापडाने धरा. सेल्फ मारा. सावलीतही दिसणारी, ‘चट् चट्’ आवाज करणारी निळसर ठिणगी हवी. पिवळट, बारीक किंवा मधूनच येणारी असेल तर ती सिलिंडरमधल्या दाबाखाली विझते. प्लग हवेत तरंगता ठेवून सेल्फ मारू नका. विजेला वाट मिळाली नाही की सीडीआय आणि कॉइलवर ताण येतो.

ठिणगी नसेल तर स्वस्तापासून महागाकडे जा. आधी माहितीतला चांगला प्लग. मग कॅप : ती वायरवर पेचासारखी बसलेली असते. फिरवून काढा, वायरचं टोक काळं पडलं असेल तर पाव इंच कापा, पुन्हा घट्ट फिरवा. कॅपच्या दोन टोकांत बहुतेक गाड्यांत सुमारे ५ किलोओहम येतात. आकडा न येणं किंवा हलवल्यावर बदलणं म्हणजे कॅप गेली. दीडशे-दोनशे रुपयांच्या या कॅपमुळे लोक सीडीआय बदलतात.

पुढची चाचणी करण्याआधी गाडीचा प्रकार कळायला हवा. जुन्या एसी सीडीआयच्या गाड्यांत बॅटरीशिवायही ठिणगी येते, आणि चावी बंद केली की एक तार अर्थ होऊन ठिणगी मरते. म्हणजे अशा गाडीत लॉकमध्ये किंवा किल स्विचमध्ये पाणी गेलं तर चावी चालू असूनही ती तार अर्थ होत राहते. सीडीआयजवळची ती तार सोडा. ठिणगी परत आली तर दोष लॉक, किल स्विच किंवा त्यांच्या वायरिंगमध्ये. मात्र तार सुटलेली असताना चावीने इंजिन बंद होणार नाही. ब्रेक धरून, गिअर टाकून, क्लच हळू सोडून बंद करावं लागेल, किंवा तार चेसिसला टेकवावी लागेल. डीसी सीडीआयच्या गाड्यांत उलट आहे. तिथे चावी आणि किल स्विचमधून वीज सीडीआयपर्यंत पोहोचली पाहिजे. सीडीआयच्या कप्लरवर टेस्ट लॅम्प लावा. चावी चालू केल्यावर बल्ब पूर्ण तेजाने पेटला पाहिजे. माझ्या गाडीत हँडल सरळ असताना तो पेटला आणि डावीकडे नेताच विझला. तो क्षण मला आजही आठवतो.

वीज येते, कॅप आणि प्लग चांगले, तरी ठिणगी नाही, म्हणजे पल्सर कॉइल, इग्निशन कॉइल किंवा सीडीआय. पल्सर कॉइलचा रेझिस्टन्स गाडीनुसार वेगळा असतो, तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. पण गरम झाल्यावर मरणाऱ्या कॉइलसाठी मॅन्युअलपेक्षा तुलना जास्त बोलते. सकाळी गार असताना आकडा लिहा, अडल्यावर लगेच पुन्हा मोजा. तापलेल्या तांब्याचा आकडा थोडा वाढतोच. तो आकाशाला भिडला किंवा मीटरने ‘उघडं’ दाखवलं तर चोर सापडला. दिंडोरीला माझ्या मेहुण्याच्या गाडीची पल्सर कॉइल अशीच पकडली. बागेच्या बांधावर, दुपारी दोनला, मीटर खिशात ठेवूनच फिरत होतो.

सीडीआय शेवटी. तो घरी मोजून तपासता येत नाही, तशाच मॉडेलचा चालू सीडीआय तात्पुरता लावून पाहावा. शेजाऱ्याची तीच गाडी असेल तर दहा मिनिटांचं काम.

पेट्रोल

प्लग कोरडा आहे. पहिलं काम फुकटचं : टाकीचं झाकण उघडा आणि पुन्हा सुरू करा. उघडताना ‘सूं’ आवाज आला आणि गाडी सुरू झाली तर झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलं आहे. पेट्रोल खाली येतं तेवढी हवा वर जायला हवी, ती जात नव्हती. छिद्र बारीक तारेने मोकळं करा.

मग कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी. रिझर्व्हवर करा. कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत धरा, धार सलग हवी. थेंबथेंब येत असेल तर कॉकमधली जाळी किंवा मधला फिल्टर बुजलेला. काही गाड्यांत व्हॅक्यूमवर उघडणारा कॉक असतो. त्यात इंजिन फिरल्याशिवाय धार येत नाही, तेव्हा ते आधी पाहून घ्या.

कार्बोरेटरच्या वाटीखाली निचरा करायचा स्क्रू असतो. तो ढिला करून वाटीतलं सगळं काचेच्या बाटलीत काढा आणि पाच मिनिटं उजेडात ठेवा. तळाशी वेगळे थेंब किंवा वेगळा थर दिसला तर पाणी आहे. हे हल्ली जास्त दिसतं, आणि त्याला कारण आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. थोडं पाणी ते मिश्रणातच सामावून घेतं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात आणि वर इथेनॉल गेलेलं पेट्रोल राहतं. पावसात उघड्यावर उभ्या गाडीत झाकणाच्या रबरातून पाणी झिरपलं, किंवा गाडी पावसाळाभर न वापरता ठेवली की हे होतं. तळाचा तो थर कॉकपर्यंत आला की गाडी अडते, नवीन पेट्रोल टाकलं की काही दिवस बरी वाटते. टाकी पूर्ण काढून, रिकामी करून, सुकवूनच हा प्रश्न सुटतो. झाकणाचं रबर आणि त्याखालची पाणी निघून जायची नळी तेव्हाच पाहून घ्या, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तेच.

वाटी स्वच्छ आहे, पेट्रोल येतं आहे, पण गाडी फक्त चोकवर सुरू होते आणि चोक काढताच बंद पडते, तर स्लो जेट (मंद रेसला पेट्रोल देणारी बारीक नळी) बुजला आहे. त्याचं छिद्र केसाएवढं असतं. कार्ब क्लीनर आणि हवा मारा, तार घालू नका, छिद्र मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. उलट, उभ्या गाडीखाली पेट्रोलचा वास आणि ओला प्लग असेल तर वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारी फ्लोटची सुई बसत नाही, पेट्रोल भरून वाहतं. अशा वेळी अॅक्सिलेटर पूर्ण उघडा धरून, चोक न लावता सेल्फ मारला की जादा पेट्रोल बाहेर जाऊन गाडी पकडते.

इंजेक्शनच्या गाड्या

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराचे कडक नियम) आल्यावर नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर गेला. इथे तपासणीची सुरुवात कानाने. चावी चालू केली की टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची घरघर येते. गाडी सुरू होत असताना तो आवाज नीट ऐकून ठेवा, म्हणजे अडल्यावर तो नाही हे लक्षात येईल. आवाज नाही तर फ्यूज, पंपाचा रिले, किल स्विच. गाडी पडली असेल तर तिरकेपणाचा सेन्सर इंजिन बंद करतो. गाडी उभी करून चावी एकदा बंद, पुन्हा चालू करा. मीटरवरचा इंजिनचा पिवळा दिवा चालू राहिला किंवा लुकलुकला तर व्हिडिओ काढा. लुकलुकण्याच्या संख्येत काही गाड्यांत बिघाडाचा कोड असतो.

या गाड्यांना बॅटरी चांगली लागतेच. पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर धक्का मारून उपयोग नाही, कारण पंप आणि ईसीयू जागेच होत नाहीत. वॉरंटीत असेल तर वायर कापू नका, नोंदींची वही घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.

ठिणगी आहे, पेट्रोलही आहे

मग किक हाताने दाबून पाहा. नेहमीपेक्षा हलकी जात असेल तर कॉम्प्रेशन गळतं आहे. घट्ट झालेल्या टॅपेटमुळे व्हॉल्व पूर्ण बसत नाही. टॅपेट नेहमी गार इंजिनावर, पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व बंद असताना, फीलर गेजने, मॅन्युअलमधल्या मापाने तपासतात. आवाज नको म्हणून टॅपेट घट्ट करून घ्यायची सवय आपल्याकडे फार आहे. हलकी टिकटिक असू द्या.

बिघाड घरी घडवून आणायचा

इथपर्यंत तपासून दोष हाती लागला नसेल तर त्याची वाट पाहत बसू नका, त्याला बोलवा. इंजिन रिकाम्या रेसवर चालू ठेवा. हँडल सावकाश पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे न्या. मानेजवळचा वायरिंगचा जुडगा, लॉकखालचा कप्लर, फ्यूज बॉक्स, सीटखालचे कप्लर एकेक करून हलक्या हाताने हलवा. ज्या जागी इंजिन अडखळलं ती जागा खडूने खुणवा. घाई करू नका, एका वेळी एकच जागा. शेताजवळ किंवा जिन्याखाली गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या तारा टाकीखाली हमखास सापडतात.

पावसाचा संशय असेल तर रात्री, दिवे बंद करून, झाडांना पाणी मारायच्या फवाऱ्याने प्लग कॅप आणि जाड वायरवर तुषार मारा. तडा असेल तर तिथून इंजिनकडे उडणाऱ्या निळ्या ठिणग्या अंधारात दिसतात. हात लांब ठेवा. उष्णतेचा संशय असेल तर हेअर ड्रायरने आधी इग्निशन कॉइल, मग सीडीआय एकेकटा तापवा आणि प्रत्येक वेळी सुरू करून पाहा. घाटात अडलीच तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला बर्फ त्या भागावर पाच मिनिटं ठेवा. एकच भाग गार केल्यावर सुरू झाली तर शंका उरत नाही.

दुरुस्ती आणि खात्री

एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, फिल्टर आणि कॉइल एकदम बदललेत तर गाडी सुरू होईल, पण का ते कळणार नाही. तुटलेली तार नुसती पिळून चिकटपट्टी लावू नका. मानेजवळ ती दोन महिन्यांत पुन्हा सुटते. तुटका भाग कापून त्याच जाडीची तार सोल्डर करा, वर हीट श्रिंक नळी चढवा आणि जोड वळणाच्या जागेपासून दूर घ्या, कारण सोल्डर केलेला भाग कडक होतो आणि वाकला की कडेला तुटतो. नंतर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून तार ताणत नाही ना, ते पाहा.

गॅरेजला द्यायची झाली तर ‘कधी कधी सुरू होत नाही’ एवढंच सांगू नका. ‘गार इंजिन, हँडल डावीकडे, सेल्फ फिरतो, प्लग ओला, ठिणगी नाही’ असं सांगा आणि व्हिडिओ दाखवा. सातपूरच्या ज्या ऑटो इलेक्ट्रिशियनने माझी तार शोधून दिली त्यांनी वहीतल्या नोंदी वाचल्या आणि गाडी सुरू करायच्या आधीच हँडल डावीकडे वळवलं. टेस्ट लॅम्प मी घरी लावला होता, पण तार नेमकी कुठे तुटली आहे ते बोटांनी चाचपून त्यांनीच सांगितलं.

ज्या परिस्थितीत अडायची त्याच परिस्थितीत तपासा. गरम झाल्यावर अडणारी गाडी त्र्यंबकेश्वरला नेऊन आणा आणि वाटेत तीन-चार ठिकाणी पंधरा-पंधरा मिनिटं थांबून सुरू करा. पावसाची गाडी फवाऱ्याखाली. थंडीची गाडी पहाटे सहाला. आमच्या पार्किंगमध्ये आता थोडी मोकळी जागा झाली आहे, पण तार जोडल्यावर पुढचे पंधरा दिवस मी गाडी मुद्दाम त्याच कोपऱ्यात, भिंतीला चिकटवून, हँडल पूर्ण डावीकडे वळवूनच लावली आणि रोज सकाळी हँडल सरळ न करता सेल्फ मारला.